तीन सूत वर

धर्मराज, म्हणजे माझा नवरा, सकाळी साडेनऊला दुकानाच्या दारात बसून पेन्सिलीला टोक करत होता, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. कोन गावच्या नाक्यावरून थोडं आत आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, पत्र्याच्या शेड. बावीस वर्षांत या माणसाने माप कधी कागदावर घेतलं नाही. खडूने लादीवर लिहायचं आणि काम झालं की पायाने पुसायचं. आज त्याच्यासमोर कोरी वही होती आणि अंगात भाचीच्या हळदीला घेतलेला शर्ट.

“कुनाच्या हलदीला निघालाव?” मी विचारलं.

“मॅडम येनार हायेत,” तो म्हणाला. “ड्रॉइंग घेऊन.”

मॅडम कोण ते सांगायचं तर आधी गाडी सांगायला हवी.

ओव्याचा निकेश हा धर्मराजच्या चुलतबहिणीचा मुलगा, म्हणून मी त्याची मामी. त्यांची शेतं गेली, तिथे इमारती आल्या आणि निकेशच्या हातात वेळच वेळ आला. आजोबांची जुनी फियाट त्याने भंगारात जाऊ दिली नाही. तिच्यात जपानी गाडीचं दांडगं इंजिन बसवलं. मग त्याला मागची चाकंही नवीन तऱ्हेची हवी झाली. जुन्या फियाटला मागची दोन चाकं एका जाड आसाला बांधलेली असतात, एक खड्ड्यात गेलं की दुसरं पण उडतं. निकेशला दोन्ही चाकं आपापली सुटी हलायला हवी होती. त्यासाठी त्याने कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून एक डिफरन्शिअल उचलून आणलं.

मी त्याला गोळाच म्हणायचे. दिसायला तसाच, ओतीव लोखंडाचा, दोघांनी मिळून उचलावा असा. पुढे त्याला नाक असतं. इंजिनाचा जोर लांब शाफ्टमधून त्या नाकात शिरतो आणि पोटातून डाव्या-उजव्या चाकांना वाटला जातो. एरवी गोळा आसातच बसलेला असतो. आस काढून टाकल्यावर तो लटकवायचा कशाला? गाडीच्या पोटाला. आणि लटकवायच्या कड्या, ज्यांना निकेश माउंट म्हणतो, त्या बाजारात कुठे मिळत नाहीत, कारण अशी गाडीच बाजारात नाही. मागे दोन आणि पुढे नाकापाशी एक, अशा तीन कड्या आम्हाला कोऱ्या प्लेटमधून घडवायच्या होत्या.

“मामा, वेल्डिंग तुमचा,” निकेश म्हणाला होता, “पन माप मॅडमचा.”

चारुता खारघरहून स्कूटरवर आली. तिशीची असेल. ऑटोमोबाइलचं शिकलेली, पुण्यात मोठ्या कंपनीत होती, ते सोडून आता निकेशसारख्या छंदिष्टांना ड्रॉइंग करून देते. पाठीवर सॅक आणि काखेत पुठ्ठ्याची गुंडाळी. आल्या आल्या तिने चपला काढल्या, गाडीखाली सतरंजी टाकली आणि आडवी झाली. लोखंडाचा कीस पसरलेल्या दुकानात चपला काढणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

तिची पद्धत अशी. आधी गोळा जॅकवर उचलून जागेवर धरायचा. मग पुठ्ठा कात्रीने कापून, दुमडून, चिकटपट्टी लावून कडी पुठ्ठ्याचीच बनवायची. ती गाडीच्या पोटाला आणि गोळ्याला दोन्हीकडे चपखल बसली की पुठ्ठा उलगडायचा, प्लेटवर ठेवायचा, आणि त्या रेघेवर लोखंड कापायचं. चूक झाली तर पुठ्ठ्याची होते, प्लेटची नाही. पहिली पुठ्ठ्याची कडी बसली तेव्हा धर्मराज गुडघ्यावर वाकून बघत होता.

“एक नंबर,” तो म्हणाला.

मी तिथेच ग्राइंडरची चकती बदलत होते. या माणसाच्या तोंडून माझ्या कामाला आजवर एकच शब्द ऐकला होता, “बसलं”. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्याचा हात ग्राइंडरमध्ये गेला, तीन महिने तो घरी पडून, आणि दोन शाळांच्या ग्रिल अर्धवट. तेव्हा मी वेल्डिंगची काच तोंडावर धरून स्वतःच शिकले. आधी डोळे सुजले, मग हात भाजला, मग जोडाची शिवण सरळ यायला लागली. नंतर मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून सीओटूचं, म्हणजे गॅसचा झोत सोडून करायचं, वेल्डिंग पण शिकले. आता दुकानातलं सगळं वेल्डिंग माझं, आणि माप आणि कापणं त्याचं. इतक्या वर्षांत “बसलं”. आणि पुठ्ठ्याला एक नंबर.

तो तिच्यावर भाळला असता तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. माझं माहेर मोरा बंदराचं, आम्ही जेटीवर भांडायला शिकतो. पण तो भाळला होता पुठ्ठ्यावर. वहीत तिच्या मापांची नक्कल करत बसायचा. घरी जेवताना मीठ पुढे सरकवत म्हणायचा, “मॅडम बोलल्या, लोकंडाला पन श्वास लागतो.”

“मग त्याला घास पन भरवा,” मी म्हणायचे.

त्यात निकेशने एक दिवस तिच्याचसमोर विचारलं, “मॅडम, फायनल वेल्डिंग तळोज्याच्या सर्टिफाइड वेल्डरकडून करूया का? लोड येनार हाय. मामीचा काम चांगला हाय, पन त्या गेटवाल्या.”

मी धर्मराजकडे बघितलं. धर्मराजने वहीकडे बघितलं.

चारुता म्हणाली, “आधी एक तुकडा करून बघू ना. काकू, याच प्लेटचे दोन तुकडे जोडून द्याल?”

काकू ऐकून मला अजूनच राग आला, पण तुकडे जोडले. तिने ते शिकंज्यात पकडून हातोड्याने वाकवले, पार काटकोनात. प्लेट वाकली, शिवण उघडली नाही. तिने वाकलेला तुकडा निकेशच्या हातात दिला. “काकूच करतील,” म्हणाली. मला वाटायला हवं होतं की मुलगी गुणाची आहे. मला वाटलं, माझ्या दुकानात मला परवानगी देणारी ही कोण?

तीन आठवड्यांत प्लेटा कापून झाल्या. मागच्या दोन कड्या मी पक्क्या केल्या. नाकाची तिसरी कडी चारुताने स्वतः जागेवर लावून घेतली आणि माझ्याकडून तिला फक्त चार टाके मारून घेतले, म्हणजे तात्पुरती अडकेल एवढंच. मग तिच्या लक्षात आलं, जाड बोल्ट कमी पडतायत.

“पनवेलला मिळतील,” ती म्हणाली. “काका, चलता का? तुम्हाला दुकान माहितीये.”

धर्मराज तिच्या स्कूटरच्या मागे बसला. डोक्यात तिचं जास्तीचं हेल्मेट, गुलाबी. बाईच्या मागे बसून जाताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मला स्कूटर येत नाही हे खरं, पण तो मुद्दा नाही.

ते गेल्यावर मी गाडीखाली शिरले. सहज म्हणून पाणसळ गोळ्यावर ठेवली. बुडबुडा मागे सरकला. नाक खाली झुकलेलं होतं.

मला इतका आनंद झाला की मी खाली पडल्या पडल्या हसले.

त्याचं कारण गेटवाल्यांनाच कळेल. गेट एका बाजूने बिजागरीवर आणि दुसऱ्या बाजूने मोकळं लटकतं. आज सरळ लावलं तर वर्षभरात मोकळं टोक बसतं, जमिनीला घासतं, आणि गिऱ्हाईक येऊन दारात उभं राहतं. म्हणून गेट लावताना मोकळं टोक नेहमी सूत-दोन सूत वर ठेवायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. मग ते आपल्या वजनाने खाली येऊन बरोबर सरळ होतं. लोंबणारी वस्तू खाली येणार, हे धरूनच ती टांगायची. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नसतील, असं मला वाटलं. इथे तर एवढं जड नाक, रबरी बुशांवर, म्हणजे कडीतल्या रबराच्या नळ्यांवर टांगलेलं, आणि बाईसाहेबांनी ते आधीच खाली घातलं. उद्या बसलं की शाफ्ट जमिनीला लागेल.

सांगायचं होतं. तोंडाने सांगायचं होतं, ती आल्यावर, दोघांसमोर. पण मला ते चित्र दिसलं. मी सांगतेय, ती लॅपटॉप उघडतेय, धर्मराज वही उघडतोय, आणि दोघं मान हलवून मला काहीतरी समजावून सांगतायत. त्यापेक्षा काम करून ठेवायचं. गाडी सुरळीत चालू दे, सगळे खूश होऊ दे, आणि मग हळूच म्हणायचं, तुमच्या ड्रॉइंगमध्ये चूक होती बरं, मी निस्तरली.

मी चारही टाके ग्राइंडरने उडवले. नाकाखाली जॅक लावून गेटला दोन सूत देतात तिथे तीन दिले, कारण वजन जास्त. आणि पक्कं वेल्डिंग करून टाकलं. एका बाजूला थोडं, मग समोरच्या बाजूला थोडं, मधे थंड होऊ देत, म्हणजे तापलेलं लोखंड एका अंगाला ओढलं जाऊ नये. त्या शिवणीसारखी शिवण मी आयुष्यात घातली नाही. माशाच्या खवल्यासारखी, एकावर एक.

दोघं परत आले. “अरे काकू, मी येईपर्यंत थांबायचं ना,” चारुता म्हणाली, पण टॉर्च मारून शिवण बघितली आणि टॉर्च बंद केला. जागा आधीच मोजलेली होती, म्हणून तिने ती पुन्हा मोजली नाही. धर्मराजने खाली वाकून बराच वेळ बघितलं. “बसलं,” तो म्हणाला, आणि हात पुसत बाहेर गेला.

चार दिवसांनी गाडी रस्त्यावर आली. रसायनीकडे जाणारा रस्ता सकाळी जरा मोकळा असतो. निकेश चालवायला, शेजारी चारुता, मागची सीट काढलेली म्हणून मी आणि धर्मराज पत्र्यावर उशा टाकून. पन्नासपर्यंत गाडी लोण्यासारखी. साठला पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागला. सत्तरला आरसा असा थरथरला की मागचा एक ट्रक त्यात दोन दिसायला लागला. निकेशने पाय सोडला.

“मॅडम,” तो म्हणाला, “कॉम्प्युटरवर नाय ना हलली?”

चारुताने ड्रॉइंगचे कागद मांडीवर काढले आणि येताना सगळा रस्ता ते उलटेपालटे करत राहिली. माझ्या समोर तिची मान होती. मानेवरचे केस घामाने चिकटलेले. मला वाईट वाटलं, आणि थोडं गोड पण वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुकानात आल्यावर निकेशचा आवाज चढला. तीन आठवडे झाले, पोरं विचारतायत गाडी कधी येतेय, आणि हा खटारा. “चूक कुनाची ते सांगा फक्त.”

“माजी,” धर्मराज म्हणाला. “माप लिवताना माजा हात चुकला आसंल. मॅडमचा काय दोष नाय.”

मी बघतच राहिले. या माणसाने एकदा आमच्याच घराचं गेट उलटं बसवलं होतं, आणि तेव्हा म्हणाला होता की घर उलटं बांधलंय. बावीस वर्षांत चूक म्हणून काही याच्याकडून घडलेलं नाही. आणि आज, न केलेली चूक, भाच्यासमोर, कुणासाठी अंगावर घेतोय? जे पुठ्ठ्याने सुरू झालं होतं ते इथवर आलं होतं तर. माझे कान गरम झाले.

चारुता तोवर गाडीखाली गेली होती. तिच्याकडे कोन मोजायचं एक चुंबकाचं डबडं होतं, काडेपेटीएवढं. ते तिने नाकावर चिकटवलं, काढलं, पुसलं, पुन्हा चिकटवलं. मग नुसती पडून राहिली. खालून तिला माझी शिवण दिसत होती आणि शिवणीच्या कडेला उडवलेल्या चार टाक्यांचे डाग. तिला कळलं. ती बाहेर आली तेव्हा माझ्याकडे बघायचं टाळत होती, त्यावरून मला कळलं की तिला कळलं.

“नाक एक अंश खाली हवं होतं, ते पाऊण अंश वर आहे,” ती निकेशला म्हणाली. “वेल्डिंग करताना तापून ओढलं गेलं असेल. होतं असं. कुणाची चूक नाही.”

मला सोडवलं होतं तिने. मी नुसती मान डोलावली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं. निकेश तर म्हणाला पण, “तरी मी बोल्लो होतो, सर्टिफाइड वेल्डर आना.”

पण ओढलं गेलं? माझ्या हातून? नवशिका पहिल्या दिवशी सुद्धा तीन सूत ओढू देत नाही. मी समोरासमोर टाके घेत, थंड करत, दीड तास गाडीखाली पाठ मोडत पडले होते, ते काय लोखंड ओढून घ्यायला?

“ओढला नाय,” मी म्हणाले. “मी उचलला.”

निकेश माझ्याकडे वळला.

“टाके तोडून तीन सूत वर घेतला. मोजून. माज्या वेल्डिंगनं केसभर पन ओढ घेतलेली नाय, डबडं लावून बघा पायजे तर. तीनला तीनच भरतील.”

“पण का, काकू?” चारुता म्हणाली.

मी गेटचं सांगितलं. सांगताना मधेच मला जाणवलं की ती हसत नाहीये. ती ऐकत होती, ज्या तऱ्हेने धर्मराज तिचं ऐकायचा तसं. सगळं ऐकून तिने निकेशला गाडीत बसवलं, चाकांना पुढून विटा लावल्या, हँडब्रेक ओढायला सांगितला. मागच्या सीटच्या जागेवरचं पत्र्याचं झाकण उघडलं. वरून नाक दिसत होतं. तिने माझा खडू घेतला आणि नाकावर एक आणि कडीवर एक अशी समोरासमोर रेघ ओढली.

“आता बघा. निकेश, पहिला गिअर, क्लच अगदी थोडा सोड.”

इंजिनाचा आवाज जड झाला. गाडी जागची हलली नाही, पण नाकावरची रेघ उठली. रबर दाबत सावकाश वर चढली, चांगली दोन सूत. क्लच दाबल्यावर खाली आली. पुन्हा सोडला, पुन्हा चढली. एखादं जनावर दावं ओढून मान वर करतं तसं.

“गेट बसतं,” चारुता म्हणाली. “हे जोर आला की उठतं. म्हणून आधीच खाली ठेवायचं, मग चालताना सरळ होतं. आधीच वर असलं तर शाफ्ट वाकडा फिरतो आणि गाडी थरथरते. तुमचंच गणित आहे, काकू. फक्त उलट्या दिशेला.”

मी रेघेकडे बघत होते. चूक दिसली की मला आधी राग येतो. या वेळी तो आला नाही, नुसतं हलकं वाटलं, आणि मग खूप लाज वाटली. “तुजी झोप उडवली मी,” मी म्हणाले.

“उडाली असती,” ती म्हणाली. “आज रात्रीची. असं का केलंत ते कळलं नसतं तर.”

निकेशने अर्थातच पुन्हा तळोज्याच्या वेल्डरचं काढलं. आता तर त्याच्याकडे कारणही होतं. चारुता म्हणाली, “आधी ही शिवण तोडू, मग बोलू.” ती मीच तोडली. ग्राइंडरच्या पाच चकत्या गेल्या आणि दुपार झाली, तरी कडी सुटेना. निकेश कमरेवर हात ठेवून उभा होता. शेवटी त्यानेच वैतागून विचारलं, “मामी, हे उद्या परत असाच घट्ट करनार ना?”

“आसाच,” मी म्हणाले.

“मग करा,” तो म्हणाला, आणि चहा प्यायला गेला.

तो गेल्यावर मी धर्मराजला गाठलं. “मॅडमसाठी भाच्यासमोर नाक कापून घ्यायची लई हौस आली तुमाला.”

“मॅडमसाठी?” तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी काही परभाषेत बोलले. “मी त्या दिवशी पनवेलवरून आल्यावरच बगितला. टाके तोडलेले, नाक वर. तूच केलास, आनखी कोन करनार. मना वाटला, तुजाच बरोबर हाय. लोंबनारी चीज खाली ठेवतात व्हय? मॅडमना वाईट नको वाटायला, म्हनून बोल्लो नाय. मंग गाडी थरथरली. मग तुजा नाव कसा घेऊ?”

म्हणजे कोरी वही, पेन्सिल, गुलाबी हेल्मेट, हे सगळं करून, माप लिहून घेतलेल्या त्या माणसाने खरं मानलं होतं ते माझं. आणि ते चुकीचं होतं. आम्ही दोघं गेटवाले, एकाच खड्ड्यात, एकमेकांना न सांगता.

“वही बगायची ना,” मी म्हणाले. “एक अंश खाली, सोता लिवलाव.”

“लिवला,” तो म्हणाला. “पन तू उचललास ना.”



दुसऱ्या दिवशी चारुता नऊलाच आली. नाकाची कडी पुन्हा लावायची होती. धर्मराज वही घेऊन पुढे झाला, तर ती म्हणाली, “काका, खाली जागा दोघांचीच आहे. मी आणि काकू करतो.” आम्ही सतरंजीवर शेजारी शेजारी आडव्या झालो. डबडं तिने माझ्या हातात दिलं, कसं वाचायचं ते दाखवलं. मी तिला दाखवलं टाके समोरासमोर का घ्यायचे, आणि किती मोजून थांबायचं. तिने विचारलं, हे लिहून घेऊ का. मी म्हटलं, घे.

बाहेर धर्मराजने कुणाच्या तरी खिडकीची ग्रिल काढली आणि ठोकायला घेतली. ती आधीच सरळ होती. थोड्या वेळाने तो दारात येऊन उभा राहिला. “काय लागतं का?”

“नाही, काका.”

गेला. पुन्हा ठोकाठोक, आता जास्त जोरात. पाच मिनिटांनी पुन्हा आला. “हसायला काय झाला?”

“काय नाय,” मी म्हणाले.

तो आवाज मला ओळखीचा होता. तीन आठवडे मी तसंच ठोकत होते, फक्त त्याला ते ऐकू येत नव्हतं. चारुता माझ्याकडे बघायला लागली, त्याला बोलवायचं का म्हणून. मी मानेनेच नको म्हटलं. अजून थोडा वेळ ठोकू दे म्हटलं.

मग कडी जागेवर आली, डबड्यावर एक अंश खाली दिसायला लागला, आणि जॅक ऐन वेळी किंचित बसायला लागला. मी काच तोंडावर ओढण्याआधी हाक मारली.

“अवो, या आता. नाक धरायला मानूस पायजे.”